खताच्या गोदामातलं शिक्षण

बहात्तरच्या दुष्काळात मी कळंब तालुक्यातल्या एका गावी नर्स होते. मी मूळची तेरची. नोकरी लागली तेव्हा वडिलांना आनंद झाला, कारण आमच्या घरात पगार आणणारी मी पहिली. आईला काळजी वाटली, कारण त्या गावात आमचं कोणी नव्हतं. दोघांचंही बरोबर होतं. उपकेंद्र म्हणजे चावडीमागची एक खोली आणि पुढं पत्र्याचा ओटा. बाळंतपणं, देवीची लस, जुलाबाच्या गोळ्या आणि कुटुंबनियोजनाची माहिती, एवढं माझं काम. माहिती बाया मन लावून ऐकायच्या आणि ऐकून घरी जायच्या.

त्या वर्षी गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं. आसपासच्या गावांतली माणसंसुद्धा तिथंच. मोठी माणसं बांधावर असायची. खदानीत मुरूम उकरायला आणि पाट्या भरायला तरणी पोरं-पोरी घालायचे, त्यांच्या पाठी लवकर वाकतात म्हणून. मुरूम वरून खणत आलं तर दम निघतो. खालून पोखरला तर तो आपोआप खाली येतो. म्हणून सगळे खालून पोखरायचे. एके दिवशी सकाळी तो आपोआप खाली आला.

चौघं गेली. चौघंही अठराच्या आतली. एक मुलगी सगळ्यात शेवटी सापडली, ती जिवंत होती. तिच्या तोंडातली माती मीच बोटानं काढली. श्वास चालू होता, हाडं शाबूत होती. दोन दिवसांनी मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी जीप थांबवून तिला तपासलं आणि मुलगी ठणठणीत आहे असं सांगितलं. ती बोलत तेवढी नव्हती. डॉक्टर म्हणाले, बोलेल. आणि ते गेले, कारण पुढच्या गावात पटकीची साथ होती.

ती बोलली नाही. सोळा वर्षांची पोर, अपघाताच्या आधी खदानीतल्या सगळ्यांच्या वर तिचा आवाज असायचा म्हणे. आता घरात पाऊल टाकायची नाही. अंगणात चुलीजवळ बसायची, तिथंच झोपायची. हाक मारली की बघायची. तिची सोयरीक ठरली होती. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला की मुलगी बोलायला लागली की कळवा.

बाकीच्या पोरांचंही ठीक नव्हतं. त्या चौघांखेरीज खदानीत होती ती सगळी वाचली होती, म्हणजे घरी चालत आली होती. एक मुलगा बैलगाडीतून दगड उतरवल्याचा आवाज झाला की पळत सुटायचा आणि पार वेशीबाहेर जाऊन थांबायचा. दोघी बहिणी कामावर वाटायची ती सुकडी तोंडात घातली की ओकायच्या. एकजण दिवसभर झोपायचा. आयांनी उतारे टाकले, अंगारे लावले. मी ताकदीची इंजेक्शनं दिली, कारण दवाखान्यातून तीच आली होती. उताऱ्याचा गुण आला नाही आणि इंजेक्शनाचाही आला नाही, पण उतारा दुखत नव्हता. त्यामुळं पोरं मला बघून लपायला लागली.

असं आमच्याच गावी होतं असं नाही. त्या वर्षी विहिरी खोल करताना, दगड फोडताना बरंच काही घडत होतं. शेवटी वरून हुकूम आला की तालुक्यातल्या सगळ्या नर्सेसनी कळंबला प्रशिक्षणाला यावं. विषय होता ‘आपद्ग्रस्त तरुणांस मानसिक धीर’. आम्हाला वाटलं नवीन इंजेक्शन आलं असेल.

प्रशिक्षण सोसायटीच्या खताच्या गोदामात ठेवलं होतं. पेरणीच नसल्यानं खत आलं नव्हतं, खत नसल्यानं गोदाम रिकामं होतं. भिंतीवर खताच्या कंपनीची चित्रं होती. त्यांत डोक्याएवढी ज्वारी आणि हसणारा शेतकरी. त्याच्याखाली सतरंज्या टाकून आम्ही बसलो. शिकवायला औरंगाबादहून मनोविकाराचे डॉक्टर आले होते. एसटीनं आले, हातात एक पिशवी. अंगानं किरकोळ, आवाज इतका हळू की मागच्या बायकांना पुढं सरकावं लागलं. आल्या आल्या त्यांनी सांगितलं, “मी एकटा आहे आणि गावं पुष्कळ आहेत. मी प्रत्येक मुलापर्यंत पोचणार नाही. तुम्ही पोचताच आहात. म्हणून तुम्हाला शिकवायला आलोय.”

मग त्यांनी विचारलं, “समोरचं माणूस रडायला लागलं तर तुम्ही काय करता?”

एकजण म्हणाली, पाणी देते. दुसरी म्हणाली, रडू नको म्हणते. तिसरी म्हणाली, घरच्यांना बोलावते. मी म्हणाले, इंजेक्शन.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. “हे सगळं आपण आपल्यासाठी करतो,” ते म्हणाले. “त्याचं रडणं आपल्याला सोसत नाही म्हणून.”

हे कोणाला आवडलं नाही. उन्हातान्हात एसटीच्या दोन-दोन गाड्या बदलून आलेल्या बायका होत्या. पण तो माणूस राग यावा अशा पद्धतीनं बोलत नव्हता, त्यामुळं रागावताही येईना. पुढचे काही दिवस त्यांनी आम्हाला सरळ सरळ गोष्टी शिकवल्या. झोप लागते का, जेवण जातं का, हे आधी विचारा. जे झालं ते सांगायची सक्ती करू नका, पण सांगायला लागलं तर अडवू नका. देवाची इच्छा होती म्हणू नका. असेलही, पण ते तुम्ही सांगायचं नाही. सगळं ठीक होईल असं वचन देऊ नका. पोरांना एकेकटं पडू देऊ नका, काहीतरी काम द्या, झेपेल असं. आणि कोणी मरायची भाषा केली तर त्याला एकटं सोडू नका आणि मला तार करा.

ऐकायला हे सोपं होतं. मग त्यांनी ते करून दाखवायला सांगितलं, तेव्हा ते सोपं नव्हतं असं कळलं.

आमच्यात एक वरिष्ठ सिस्टर होत्या, केरळच्या. त्या काळी आमच्या भागात अशा बऱ्याच सिस्टर होत्या. इतकी वर्षं इथं राहून त्यांचं मराठी चांगलं झालं होतं, फक्त त्या सगळ्यांना पुल्लिंगात बोलायच्या. बाळंतीण आला, मुलगी झाला. कडक बाई. त्यांच्या वॉर्डात चादरीला सुरकुती पडत नसे. डॉक्टरांनी त्यांना न बोलणारी मुलगी व्हायला सांगितलं आणि मला नर्स.

सिस्टर सतरंजीवर बसल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि बोलेनात. मी सुरू झाले. नाव काय, झोप लागते का, पोटात दुखतं का, पाळी वेळेवर येते का, कोणी मारतं का, पाणी देऊ का. त्या आपल्या जमिनीकडे बघत बसलेल्या. बायका हसायला लागल्या. डॉक्टर मला म्हणाले, “सिस्टर, जरा थांबा. आता काही न विचारता नुसतं बसा.”

“किती वेळ?”

“बसा तर.”

मी बसले. न बोलता बसणं मला तोवर कधी करावं लागलं नव्हतं. बाहेर मिलोची, म्हणजे रेशनच्या तांबड्या अमेरिकन ज्वारीची, पोती उतरवत होते, हमालांचा आवाज येत होता. बायकांचं हसणं हळूहळू थांबलं. कोणीतरी खोकलं. मला एकदा वाटलं, सिस्टरना डुलकी लागली असेल. मग त्या बोलल्या.

“माझी आई मेला तेव्हा मी इथे होता,” त्या म्हणाल्या. “तार उशिरा आला. मी गेला नाही. दुसऱ्या दिवशी ड्युटी होता.”

हे नाटकातलं नाही हे सगळ्यांना कळलं. पुढं काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी काहीच केलं नाही. डॉक्टरांनीही केलं नाही. सिस्टर आणखी थोडं बोलल्या, आईच्या हाताला नारळाच्या तेलाचा वास यायचा असं काहीतरी. मग त्यांनी पदर खांद्यावर घेतला, डोळे पुसले आणि घड्याळ बघून म्हणाल्या, “आता जेवायचा वेळ झाला.” आम्ही जेवायला गेलो. जेवताना त्यांनी मला सांगितलं की माझी बसायची पद्धत चांगली आहे, पण पाय हलवत जाऊ नको.

शेवटच्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, “गावात एकटं कुठं बसायचं? नर्स कोणाच्या घरी गेली की निम्मी आळी मागं येते.”

“हे मला माहीत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही काढा काहीतरी आणि मला कळवा. बाकीच्यांना सांगता येईल.”

गावी परतल्यावर मी त्या मुलीच्या अंगणात जाऊन बसले. थोड्याच वेळात आळी जमली. काय झालं, बोलली का, सुई न्हाय का आणली, असं सगळ्यांनी मला विचारलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मुलगी माझ्याकडे बघायची ते माझी कीव आल्यासारखं. तिसऱ्या दिवशी मी तिच्या आईला म्हणाले, “मावशी, मला वाड्यावस्त्यांवर लस टोचत फिरायचंय. सोबतीला कोणी नाही. पोरीला देता का? पोरांचे हात धरायला पाहिजेत.”

“ती बोलत न्हाय, बाई.”

“हात धरायला बोलावं लागत नाही.”

आई तयार झाली. मुलीला कोणी विचारलं नाही, पण सकाळी मी निघाले तेव्हा ती उठून माझ्या मागं चालायला लागली. पिशवी तिनं घेतली. असे आम्ही कितीतरी दिवस फिरलो. मांजरा नदीचं पात्र कोरडं ठक्क होतं, त्यातून पायवाट पडली होती. मी पुढं, ती मागं. वस्तीवर पोचलं की ती लेकरांचे हात धरायची. पकड घट्ट होती. लेकरं माझ्यापेक्षा तिलाच भ्यायची. दुपारी एखाद्या बाभळीखाली भाकरी खायचो. मी काही विचारत नव्हते. सुरुवातीला फार जड गेलं. मग मला त्याची सवय झाली आणि पुढं पुढं बरंही वाटायला लागलं.

एकदा परत येताना ती पात्राच्या मध्यावर थांबली. मी चार पावलं पुढं जाऊन वळून पाहिलं.

“बाई, तोंडात माती गेली की आवाज फुटत न्हाय,” ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता.

मी परत आले आणि वाळूत बसले. तीही बसली.

“वरचं समदं ऐकू येत हुतं मला,” ती म्हणाली. “लोकं वरडत हुते. पावलं वाजत हुती, पार डोक्यावर. काका म्हनला, हितं न्हाय, तिकडं उकरा, तिकडं.”

“मग?”

“मग पावलं लांब गेली.”

“मग?”

“मग म्या आवाज द्यायचं सोडलं.”

माझ्या जिभेवर चार-पाच वाक्यं आली होती. सगळी चांगली होती. मी त्यांतलं एकही बोलले नाही. ती रडली, बराच वेळ. मी पाणी दिलं नाही. बाटली माझ्या हातात होती आणि ती द्यायची मला फार इच्छा होत होती. रडणं ओसरल्यावर तिनंच बाटली मागून घेतली.

पुढचे काही दिवस ती तेवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिली, कधी थोडं जास्त, कधी थोडं कमी. गावात मात्र अजून गप्पच. मग एका सकाळी म्हणाली, “काकाला इचारा, तिकडं का गेला ते.”

“मी नाही विचारणार,” मी म्हणाले. “तू विचार. मी शेजारी बसते.”

तिचा हा चुलता अपघातापासून त्यांच्या घरी फिरकला नव्हता. गुरांच्या छावणीत बैल घेऊन राहायचा. घरच्यांना वाटायचं बैलांसाठी राहतो. आम्ही भर उन्हात तिथं गेलो. तो बैलांना उसाचं वाढं तोडून टाकत होता. आम्हाला पाहून त्यानं मान खाली घातली आणि तोडतच राहिला. मुलगी त्याच्यासमोर उभी राहिली.

“काका, तुमी तिकडं का गेला?”

त्याचा कोयता थांबला. तिचा आवाज त्यानं कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

“कुठं गं?”

“म्या हिकडं हुते. तुमी म्हनला हितं न्हाय, तिकडं.”

त्यानं कोयता खाली ठेवला. “तुजी पाटी तिकडं पडली हुती,” तो म्हणाला. “कडंला लाल चिंधी बांधलेली. म्या वळखली. मला वाटलं तू तिकडंच असशील.”

“पाटी म्या तिला दिली हुती. तिची फुटली हुती म्हून.”

तिला म्हणजे तिच्या मैत्रिणीला. ती गेलेल्या चौघांतली.

“म्या तुलाच उकरत हुतो,” चुलता म्हणाला. “हात लागला, वढलं, तर ती निगाली. ती गेलेली हुती. आन् माज्या मनात आलं, ही न्हाय. ही तू न्हाय म्हून मला बरं वाटलं गं. दुसऱ्याची लेक मेलेली हातात, आन् मला बरं वाटलं.”

यावर काय बोलायचं ते खताच्या गोदामात कोणी शिकवलं नव्हतं. मी बसून राहिले. बैलानं मान हलवली तशी मुलीनं वाकून वाढ्याचा भारा उचलला आणि त्याच्यापुढं टाकला. चुलत्यानं कोयता घेतला. तो तोडायचा, ती टाकायची. ऊन कलेपर्यंत दोघं तेच करत होते आणि मी दावणीच्या खुंट्याजवळ बसून होते. संध्याकाळी तो आमच्याबरोबर घरी आला आणि वहिनीनं वाढलेली मिलोची भाकरी खाल्ली.

ती गावात बोलायला लागल्याची बातमी मुलाकडं गेली. ते लोक नारळ घेऊन आले. चार माणसांत तिनं सांगितलं की मला त्या घरी जायचं न्हाय. तिच्या आईनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू हे असं बोलणं मीच शिकवलं. ती घरात झोपायला लागली की नाही हे मात्र मला बरेच दिवस कळलं नाही, कारण उन्हाळ्यात सगळं गावच बाहेर झोपायचं.

तिच्यामुळं बाकीची पोरं ओट्यावर यायला लागली. ती त्यांना सांगायची, बाई सुई देत न्हाय आता. मी त्यांना कापसाचे बोळे करायला बसवायचे. हात चालू राहिले की तोंडंही चालायची. गेलेल्या चौघांबद्दल पोरं बोलायची. कोण किती खोटं बोलायचा, कोण कशी चालायची. कधी हसायची, मग हसलो म्हणून गप्प व्हायची. एक दिवस त्यांचं असं ठरलं की कामावरच्या साहेबाला जाऊन भेटायचं. सगळी मिळून तलावाच्या कामावर गेली आणि म्हणाली, मुरूम वरून पायऱ्या पाडत खणायला सांगा. साहेब म्हणाले, तसं नियमात आहेच. त्या दिवसापासून तसं करायला लागले.

सगळ्यांचं असं झालं नाही. दगडांच्या आवाजाला पळणारा मुलगा मला साधला नाही. त्यानं एकदा विहिरीच्या काठावर बसून मरायची भाषा केली. त्याच्या थोरल्या भावाला मी त्याच्याजवळून हलू दिलं नाही आणि सकाळच्या गाडीनं तिघं औरंगाबादला गेलो. डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलं. बऱ्याच महिन्यांनी तो परत आला, गोळ्या घ्यायचा, बैलगाडी वाजली की उभा राहायचा पण पळायचा नाही. त्या भेटीत डॉक्टरांना मी कुठं बसायचं याचं उत्तर सांगितलं: बसायचं नाही, चालायचं. त्यांनी ते लिहून घेतलं. पुढं दुसऱ्या तालुक्यात ते हेच शिकवत होते असं मला कळलं. तिथल्या नर्सेसनी तक्रार केली की पाय दुखतात.

काही वर्षांनी माझी बदली उस्मानाबादला झाली आणि मी नर्सेसना शिकवायला लागले. मेट्रन त्याच केरळच्या सिस्टर होत्या. मानसिक आधाराचा तास वेळापत्रकात नव्हता. मी मागितला तेव्हा त्यांनी चादरी घालायच्या तासातला अर्धा काढून दिला. ती बाई चादरींचा तास कमी करते म्हणजे काय, हे तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

ऐंशीनंतरची गोष्ट. जिल्ह्यात तोवर साखर कारखाने उभे राहिले होते. एका हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्यांना आग लागली. वाळक्या पाचटाच्या झोपड्या, दुपारचा वारा. मोठी माणसं उसाच्या फडात होती. पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलानं धाकट्या भावंडांना बाहेर काढलं, आजीला काढता आलं नाही. आमच्या विद्यार्थिनींना मी तिथं पाठवलं, दोघी-दोघी करून, आणि रोज संध्याकाळी त्यांना समोर बसवून काय झालं ते ऐकायचे. त्या मुलाकडं जी जायची ती एकोणीस वर्षांची होती, अभ्यासात हुशार. तिला सगळ्या पायऱ्या पाठ होत्या. चार दिवसांनी ती रडवेल्या तोंडानं आली.

“बाई, तो काहीच सांगत नाही. मी गेले की माझी सायकल उलटी करतो आणि दुरुस्त करत बसतो. मी पाना धरते. आज चेन काढली, पुसली, परत बसवली. संपलं. यात मी नर्सिंग काय केलं?”

“जाताना काय म्हणाला?”

“म्हणाला, उद्या मागचं चाक बघतो.”

“मागच्या चाकाला काय झालंय?”

“काही नाही झालेलं.”

“मग उद्या तिथं पोचायच्या आधी त्याची हवा सोडून दे,” मी सांगितलं.

तिनं ते वहीत लिहून घेतलं.